हिशोबाचे पैसे कोणाच्या ताब्यात?

सौदी अरेबियात बेरोजगारी विमा आहे, पण तो सौदी नागरिकांपुरताच आहे. ‘सानिद’ नावाची ही योजना २०१४ मध्ये सुरू झाली आणि ती ‘गोसी’, म्हणजे तिथली सामाजिक विम्याची सरकारी संस्था, चालवते. तिच्यासाठी कामगार आणि मालक दरमहा सारखा हिस्सा भरतात. सुरुवातीला तो पगाराच्या प्रत्येकी १ टक्का होता, पुढे पाऊण टक्क्यावर आला. नोकरी गेली की पहिले तीन महिने सरासरी पगाराच्या ६० टक्के आणि त्यानंतर ५० टक्के रक्कम मिळते. पहिल्या टप्प्यात ती महिन्याला जास्तीत जास्त ९,००० रियाल असते, नंतर ७,५००, आणि सगळी मुदत मिळून फार तर १२ महिने. मागच्या ३६ महिन्यांत किमान १२ महिने भरणा झालेला हवा, नोकरी स्वतःहून सोडलेली नसावी आणि अर्ज ९० दिवसांत करावा, या मुख्य अटी. खेड, दापोली, महाड किंवा श्रीवर्धनहून गेलेल्या वेल्डरला, फोरमनला, ड्रायव्हरला यातले काहीच लागू होत नाही. त्याच्यासाठी मालक गोसीकडे भरतो तो फक्त कामावरच्या अपघातांच्या विम्याचा २ टक्के हप्ता. नोकरी सुटल्यावर या माणसाला मिळायचे असतात ते थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि सेवासमाप्तीची रक्कम, म्हणजेच त्याच्या भाषेत ‘हिशोब’. परदेशी कामगारासाठी हा हिशोब हाच बेरोजगारी भत्ता. गावाकडे नवे काम मिळेपर्यंत घर चालवायचे ते याच पैशावर.

हा हिशोब रखडतो तेव्हा त्याचे खापर बहुधा दोन गोष्टींवर फुटते: मालकाच्या नियतीवर किंवा सरकारी कचेऱ्यांच्या संथपणावर. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ दुखणे वेगळे आहे, असे माझे म्हणणे आहे. कामगाराचे पैसे वर्षानुवर्षे साठत जातात, पण ते साठतात फक्त कागदावर. नोकरी संपेपर्यंत ते मालकाच्याच खात्यात, त्याच्याच धंद्यात फिरत राहतात. मालक बुडाला की पैसेही बुडतात, आणि कामगाराची नोकरी नेमकी त्याच वेळी जाते. म्हणजे ज्या संकटासाठी ही पुंजी राखलेली असते, तेच संकट तिला गिळून टाकते. जोवर हे पैसे आधीच मालकाच्या हातातून बाहेर काढले जात नाहीत, तोवर तक्रारीच्या कितीही खिडक्या उघडल्या तरी उशीर फारसा कमी होणार नाही.

कायदा वाईट आहे असे मुळीच नाही. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्यातले ८४ वे कलम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार सेवासमाप्तीपोटी देते. महिना १,५०० रियाल पगारावर आठ वर्षे काम केलेल्या माणसाचे अडीच आणि तीन मिळून साडेपाच महिन्यांचे, म्हणजे ८,२५० रियाल होतात. त्याने स्वतः राजीनामा दिला असेल तर ८५ व्या कलमाप्रमाणे पाच ते दहा वर्षांच्या सेवेला यातले दोन तृतीयांश, म्हणजे ५,५०० रियाल मिळतात. दोन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर काहीच नाही. सेवा मालकाने संपवली असेल तर हिशोब एका आठवड्यात, कामगाराने संपवली असेल तर दोन आठवड्यांत चुकता करावा, असे ८८ वे कलम सांगते. योग्य कारणाशिवाय काढून टाकल्यास ७७ व्या कलमाखाली वेगळी भरपाई मिळते आणि करारात दुसरे काही ठरलेले नसेल तर ती दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी नसते. परतीच्या तिकिटाची जबाबदारी ४० व्या कलमाने मालकावर टाकली आहे. एखाद्याला हे वाचून वाटेल की आपल्याकडच्या कित्येक खासगी कामगारांपेक्षा हा माणूस सुरक्षित आहे. कागदावर आहेही. राजीनामा आणि बडतर्फी यांतला फरक मात्र ध्यानात ठेवावा असा आहे, कारण काही मालक कामगाराला काढताना राजीनाम्याच्या कागदावर सही घेतात ते याच एक तृतीयांशासाठी आणि ७७ व्या कलमातून सुटण्यासाठी. वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर सही करू नये, हा सल्ला आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. त्याची किंमत अशी रियालमध्ये मोजता येते.

सानिदचा दावा अडकतो आणि परदेशी कामगाराचा हिशोब अडकतो, या दोन अडकण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सानिदमध्ये वाद उठतो तो नोंदीवरून. नोकरी कोणत्या कारणाने सुटली हे मालक गोसीकडे नोंदवतो. त्याने ‘राजीनामा’ असे लिहिले की दावा नाकारला जातो आणि मग ती नोंद चुकीची आहे हे कामगाराला दाखवून द्यावे लागते. त्रास खराच, पण नोंद दुरुस्त झाली की पैसे मिळतात, कारण ते एका निधीत आधीच जमा असतात आणि मालकाच्या नफ्या-तोट्याशी त्यांचा संबंध नसतो. आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली, तेव्हा बेरोजगार कामगाराचा दावा त्याच्या शेवटच्या मालकामार्फत पुढे जावा अशी व्यवस्था होती आणि भत्ता मिळण्याआधी ९० दिवस थांबावे लागे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात नियम सैल झाले: भत्ता सरासरी मजुरीच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला, थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि कामगाराला स्वतःच थेट दावा करण्याची मुभा मिळाली. मालकाची सही मधून काढली आणि वाट मोकळी झाली. इथे अडथळा सहीचा होता, तो एका परिपत्रकाने दूर झाला. सौदीतल्या मराठी कामगाराच्या बाबतीत मालकाकडे नुसती सही नसते, तिजोरीही असते, आणि ती परिपत्रकाने उघडत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा ‘सौदी ओजर’. लेबनॉनच्या हरीरी कुटुंबाची ही बांधकाम कंपनी काही किरकोळ ठेकेदार नव्हती. रियाधचे रिट्झ-कार्लटन हॉटेल आणि जेद्दाजवळचे किंग अब्दुल्ला विद्यापीठ तिने बांधले होते. २०१४ च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली उतरले. सरकारी प्रकल्पांची बिले थकली, आणि जिचे बहुतेक काम सरकारचेच अशा कंपनीचे पगार २०१५ च्या अखेरीपासून थांबू लागले. दुसऱ्या मोठ्या कंपनीने, सौदी बिनलादिन ग्रुपने, त्याच सुमारास हजारो कामगार कमी केले. एप्रिल २०१६ च्या शेवटी मक्केत पगार न मिळालेल्या कामगारांनी तिच्या बसगाड्या जाळल्या. ओजरच्या छावण्यांत वेगळेच घडत होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नूतनीकरण करायचे काम मालकाचे. ते थांबले तसे हजारो माणसे बेकायदा ठरली. दवाखाना बंद, दुसरीकडे काम करायची परवानगी नाही, आणि मालकाच्या मंजुरीशिवाय देश सोडताही येत नाही. शेवटी छावण्यांचे भटारखानेही बंद पडले. जुलै २०१६ च्या अखेरीस परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सौदी अरेबिया आणि कुवेतमध्ये दहा हजारांहून अधिक भारतीय अन्नाच्या टंचाईला तोंड देत असल्याचे जाहीर केले, आणि राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला गेले.

त्यानंतर जे झाले त्याची गती बघण्याजोगी आहे. राजे सलमान यांनी १० कोटी रियालची तरतूद केली. अन्न मिळाले, मालकाच्या मंजुरीविना देश सोडण्याची परवानगी मिळाली, विमानाचे भाडेही सौदी सरकारने उचलले. हे सारे काही आठवड्यांत झाले. सरकारच्या हाती जे होते ते सरकारने लवकर केले. पण पगार आणि हिशोब कंपनीच्या हाती होते. कामगारांनी दावे नोंदवले, पुढची कारवाई इतरांवर सोपवली आणि ते रिकाम्या हातांनी परतले. जुलै २०१७ च्या शेवटी कंपनीच बंद झाली. फिलिपिन्सच्या कामगारांचे काय झाले ते नीट नोंदलेले आहे: नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकॉक इथे राष्ट्राध्यक्ष मार्कोस आणि युवराज मोहम्मद बिन सलमान यांची भेट झाली, तीत बुडालेल्या बांधकाम कंपन्यांच्या सुमारे दहा हजार फिलिपिनो कामगारांसाठी २०० कोटी रियाल बाजूला ठेवण्याचे आश्वासन मिळाले, आणि पहिले धनादेश कामगारांच्या हाती पडले ते २०२४ च्या सुरुवातीला. म्हणजे आठ वर्षे. तेही एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्या देशाच्या युवराजाशी बोलल्यावर. जिथे ८,२५० रियालचा हिशोब वसूल करायला राष्ट्रनेत्यांची भेट घडावी लागते, ती व्यवस्था सुधारण्यासाठी अर्जाचा नमुना सोपा करून भागणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हे जुने झाले. २०१६ नंतर सौदी व्यवस्था पुष्कळ बदलली. हे खरे आहे आणि त्याला पुरेसे श्रेय द्यायला हवे. पगार बँकेतून जातो की नाही हे पाहणारी वेतन संरक्षण प्रणाली २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने लहान आस्थापनांपर्यंत पोचली. २०१८ मध्ये कामगार न्यायालये न्याय मंत्रालयाखाली आली. दावा आधी सामोपचाराच्या टप्प्यात जातो, तिथे २१ दिवसांत तडजोड झाली नाही तर तो ऑनलाइन न्यायालयाकडे पाठवला जातो. मार्च २०२१ पासून कफालत, म्हणजे कामगाराला मालकाशी बांधणाऱ्या हमीदारीच्या, पद्धतीतल्या काही गाठी सैल झाल्या. ठरावीक अटींवर नोकरी बदलणे आणि देश सोडणे मालकाच्या मर्जीबाहेर आले. तीन महिने पगार रखडला तर मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे बदली मागता येते. या सगळ्यामुळे, पैसे असूनही न देणाऱ्या मालकाला वठणीवर आणणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण पैसेच नसलेल्या मालकाचे काय? तिथे न्यायालय फार तर निकाल देते. कामगाराचे देणे हे पहिल्या दर्जाचे अग्रक्रमाचे कर्ज मानावे आणि दिवाळखोरीत एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम त्याला इतर खर्चाआधी द्यावी, असे कायद्याचे १९ वे कलम म्हणते. पण रांगेत पहिला नंबर असूनही खिडकीवर रक्कम नसेल तर त्या नंबराचा उपयोग काय?

शिवाय वेळ दोघांसाठी सारखा नसतो. सौदी नागरिक वाद चालू असताना आपल्या घरी राहतो. परदेशी कामगाराचा इकामा नोकरीशी जोडलेला असतो. वाद लांबला की तो उपाशी तरी राहतो किंवा बेकायदा तरी. ‘हुरूब’, म्हणजे कामावरून पळून गेल्याची नोंद, हे मालकाच्या हातातले हत्यार इतके दिवस याच दुबळेपणावर चालत आले. म्हणून माणूस मिळेल तेवढे घेऊन ‘सर्व पैसे मिळाले’ अशा कागदावर सही करतो आणि फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा परत जायला, निघतो. हे व्यवहारचातुर्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते तेव्हा वाईट वाटते. ती नाइलाजाने केलेली तडजोड असते. ज्याला तसे करायचे नाही त्याच्यासाठी काही गोष्टी निर्णायक ठरतात. नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा, नाहीतर २३४ व्या कलमाखाली तो सहसा ऐकला जात नाही. देश सोडण्याआधी दावा नोंदवावा आणि विश्वासातल्या माणसाला रीतसर मुखत्यारपत्र द्यावे, कारण भारतात पोचल्यावर तेच मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवायला महिने जातात. ‘किवा’ या सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार, बँकेचे पगाराचे उतारे आणि गोसीकडची नोंद जवळ असली की पगार किती होता यावर वाद उरत नाही. भारतीय दूतावासाकडे आणि ‘मदद’ पोर्टलवर तक्रार केल्याने दावा न्यायालयात दाखल होत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवे. दोन्ही वेगवेगळी कामे आहेत आणि तक्रारीच्या भरवशावर दावा राहून जातो. हे सगळे केल्याने दावा भक्कम होतो. मालकाच्या रिकाम्या तिजोरीत मात्र त्याने भर पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. परदेशी माणूस करारावर येतो, काम संपले की जातो. त्याला बेरोजगारी भत्ता देणे म्हणजे पाहुण्याला घराचा वाटा देणे, असे म्हणणारे आखातात आहेत तसे भारतातही आहेत. एप्रिल २०२० मध्ये या विचाराचा परिणाम उघड दिसला. कोरोनामुळे उद्योग थांबले तेव्हा सौदी सरकारने सानिदमधून ९०० कोटी रियालची तरतूद करून खासगी कंपन्यांतल्या सौदी कर्मचाऱ्यांचे ६० टक्क्यांपर्यंत वेतन भरले. त्याच सुमारास कामगारांच्या संमतीने पगार ४० टक्क्यांपर्यंत कमी करण्याची मुभा मालकांना मिळाली. ज्याचा इकामा मालकाच्या हातात आहे तो माणूस संमती नाकारणार कशी? सानिदमध्ये परदेशी कामगाराचा हप्ता नव्हता, म्हणून त्याला त्यातून काही मिळाले नाही, हा युक्तिवाद नियमाला धरून आहे. पण मग उत्तरही त्यातच आहे: हप्ता घ्या. बहरीनने २००६ च्या कायद्याने बेरोजगारी विमा आणला तेव्हा परदेशी कामगारांनाही त्यात धरले. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२३ पासून तसेच केले. १६,००० दिरहमपर्यंत मूळ पगार असलेल्याला महिन्याला ५ दिरहमचा हप्ता, आणि बारा महिने हप्ते भरलेल्याची नोकरी गेल्यास तीन महिने मूळ पगाराच्या ६० टक्के. रक्कम फार मोठी नाही, अर्जाची मुदत अवघी ३० दिवसांची आहे. तरीही हा पैसा मालकाच्या खिशातून येत नाही, विमा कंपनीकडून येतो. दुबईत घडू शकते ते सौदीतल्या दम्माममध्ये घडू शकत नाही, याला आर्थिक कारण सापडत नाही.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. मालकावर नवा बोजा पडला तर तो पगारातून कापेल किंवा माणसेच कमी नेईल, आणि शेवटी कोकणातल्या पोराचेच नुकसान होईल. नव्या विम्यापुरते हे काही अंशी खरे ठरेल. पण माझा मुख्य मुद्दा हिशोबाचा आहे, आणि तिथे नवा बोजा मुळातच नाही. दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार म्हणजे महिन्याकाठी पगाराच्या सुमारे ४.१७ टक्के, पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के. हे देणे कायद्याने आजच मालकाच्या डोक्यावर आहे. ते महिन्याच्या महिन्याला बाहेरच्या निधीत भरायला लावले तर मालकाचे जाते ते फक्त कामगाराचे पैसे बिनव्याजी वापरण्याचे सुख. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राने फेब्रुवारी २०२० पासून नेमके हेच केले: तिथल्या मालकाला सेवासमाप्तीची रक्कम साठवून न ठेवता दरमहा मूळ पगाराच्या ५.८३ टक्के, आणि पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के, वेगळ्या निधीत भरावी लागते. ती सोय बँकांतल्या आणि वकिली कंपन्यांतल्या चांगल्या पगाराच्या लोकांना आधी मिळाली, ज्यांना तिची गरज सर्वांत कमी होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी विमा आणला, तेव्हा पहिल्यांदा अशा पैशाचा काही भाग मालकाच्या हाताबाहेर गेला. भरपाई जास्तीत जास्त १७,५०० रियाल, आणि मायदेशी परतायचे असेल तर १,००० रियालपर्यंतचे तिकीट. १,५०० रियाल पगाराच्या माणसाचे सहा महिने थकले तर ९,००० होतात, म्हणजे त्याच्यासाठी मर्यादा पुरेशी आहे. अडचण अटीत आहे. आस्थापनेने ८० टक्के कामगारांचा पगार सहा महिने थकवलेला असायला हवा. सहा महिने! ओजरच्या छावण्यांतले भटारखाने आठवले की ही मुदत किती लांब आहे ते कळते. आणि दहांतल्या तिघांचाच पगार अडकवणारा मालक या जाळ्यातून सहज निसटतो. तरीही दिशा बरोबर आहे. मुदत दोन महिन्यांवर आणावी, टक्केवारी उतरवावी आणि सेवासमाप्तीची रक्कम कंपनी चालू असतानाच वेगळ्या निधीत जमा करायला लावावी, एवढी मागणी भारत सरकारने रियाधपुढे ठेवायला हरकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये दोन्ही देशांत सर्वसाधारण कामगारांच्या भरतीबाबत सहकार्य करार झालेला आहे, त्यामुळे बोलायला जागा आहे. आपल्या बाजूला प्रवासी भारतीय विमा योजना १० लाखांचे अपघाती संरक्षण देते, आणि दूतावासांतून मिळणाऱ्या सेवांच्या शुल्कातून उभा राहिलेला भारतीय समुदाय कल्याण निधी अडकलेल्याच्या तिकिटाचा, निवाऱ्याचा, कायदेशीर मदतीचा खर्च उचलतो. घरी परतलेल्याच्या बुडालेल्या पगाराची जबाबदारी दोन्हींपैकी कोणी घेत नाही. इथल्या भरती एजंटाला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. त्याहून कितीतरी अधिक कर्ज काढून गेलेल्याला परतल्यावर पहिल्या महिन्यापासून हप्ते सुरू असतात.

या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर राहतो तो घरगुती कामगार, आणि त्यात घरचा ड्रायव्हर म्हणून गेलेले आपले पुष्कळ लोक आहेत. त्यांना कामगार कायदाच लागू नाही, स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यात सेवासमाप्तीची रक्कम म्हणजे सलग चार वर्षांनंतर एका महिन्याचा पगार. इथे मालक कंपनी नाही, एक कुटुंब आहे, त्यामुळे ८० टक्के कामगारांची अट अर्थहीन ठरते. २०२४ च्या मध्यापासून नव्या करारांपासून सुरुवात करून त्यांचे पगारही बँकेमार्फत देण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, हे चांगले झाले, कारण निदान पुरावा तयार होतो. त्यापुढचे पाऊल म्हणजे व्हिसा देतानाच मालकाकडून दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी अनामत घेणे आणि ती कामगाराच्या नावे ठेवणे. मालक सुस्थितीत असतानाच हे पैसे भरून घेता येतात. नंतर ते मागायला ड्रायव्हर त्याच घराच्या दारात उभा राहू शकत नाही.